रेकॉर्ड लावायचीच, तर ती आपल्याच मंडळीच्या गळ्याची असावी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, कोविडमुळे बंद असलेली राज्यातली प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. नागपुरात सदर-सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या दगडी चर्चपासून वस्तीत पत्र्याच्या शेडखाली भरणाऱ्या मंडळ्यांपर्यंत (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) उपासना सुरू झाल्या. मार्च २०२० पासून हिशेब केला, तर १६ नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ एवढा मधला काळ सोडला की दारे बंदच होती. आता दारे उघडली, पण गायकवृंदाच्या बाकांचे काय करायचे हे अजून कोणी नीट बोलत नाही. त्यासाठी हे पत्र.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० रोजी धर्मस्थळांसाठी नियमावली काढली. तिच्यात म्हटले होते की शक्य तेथे ध्वनिमुद्रित भक्तिसंगीत लावावे, गायकवृंदाला किंवा गाणाऱ्या गटांना परवानगी देऊ नये. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ असा घेतला गेला, की मोबाइलवर तयार गाणे शोधायचे, ते स्पीकरला जोडायचे आणि मंडळीने उभे राहून ऐकायचे. त्या गाण्याची पट्टी आपल्या मंडळीला झेपत नाही आणि चाल आपली नसते. दीड वर्षे हेच चालले, तर संडे स्कूलची मुले तीच चाल शिकणार आणि आजी-आजोबांची चाल त्यांना चुकीची वाटणार. नियम पाळायलाच हवा, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण रेकॉर्ड लावा म्हटले म्हणून ती बाहेरचीच असली पाहिजे असे कुठे लिहिले आहे? आपल्याच मंडळीच्या आठ गळ्यांची, आपल्या चालीतली, आपल्या पेटी-तबल्यावरची रेकॉर्ड घरच्या मोबाइलवर होते. ती कशी करायची आणि तेवढ्यासाठीचा सराव धोका न पत्करता कसा घ्यायचा, हे येथे मांडतो.

आधी धोका कुठे आहे ते पाहू. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाचा अडीच तास सराव झाला. हजर ६१ जण. त्यातले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. खुर्च्या जवळजवळ मांडलेल्या होत्या आणि मध्ये खाणेपिणेही झाले होते. हा अपघात उपासनेत झाला नाही, सरावात झाला, याकडे आपले लक्ष जात नाही. उपासनेला उंच छप्पर, उघडी दारे आणि चार-पाच गाणी असतात. सराव मात्र वेस्ट्रीशेजारी, म्हणजे पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) तयारीच्या खोलीशेजारी, लहान खोलीत, पंखा लावून, खिडक्या ओढून, एकच कडवे वीस वेळा गात होतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑगस्ट २०२० मध्ये दाखवले की तेवढ्याच मोठ्या आवाजात बोलणे आणि गाणे यांतून उडणाऱ्या सूक्ष्म कणांत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो आवाज चढवल्याने. अगदी हळू आवाजाच्या मानाने अगदी मोठ्या आवाजात हे कण वीस-तीस पटींनी वाढतात. म्हणजे जोर, बंद खोली आणि लांबलेला वेळ हे तिन्ही टाळायचे. सॅनिटायझरने पेटीच्या पट्ट्या पुसत बसण्यात जी शक्ती जाते, तिच्यातली अर्धी जरी खिडक्या उघडण्यात गेली तरी जास्त उपयोग होईल. शिवाय सॅनिटायझरने पट्ट्यांवरचे पॉलिश जाते आणि फटीत उतरलेल्या ओलाव्याने पट्टी अडकते. पेटीला कोरडे मऊ फडके आणि वाजवणाऱ्याने धुतलेले हात पुरतात.

सराव चर्चच्या आवारात किंवा व्हरांड्यात घ्यावा. आठपेक्षा जास्त माणसे नकोत. दोन माणसांमध्ये किमान सहा फूट अंतर ठेवावे. एकमेकांकडे तोंड करून गोल बसण्याची आपली सवय मोडावी लागेल. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करावे आणि वारा अंगावरून मागे जाईल अशा बाजूला पेटीवाल्याने बसावे. अर्ध्या तासात थांबावे. उरलेली माणसे नंतरच्या अर्ध्या तासाला बोलवावीत. दोन तुकड्या एकमेकींत मिसळू नयेत, म्हणजे एकीत कोणी आजारी पडला तरी दुसरी चालू राहते. ज्याला ताप, खोकला, घशात खवखव आहे त्याने यायचे नाही, हे सांगताना संकोच नको. आपल्याकडे सोलो ज्याच्याकडे असतो तो अंगात ताप घेऊनही येतो आणि त्याचे कौतुक होते. यंदा ते कौतुक बंद करावे.

पाऊस किंवा थंडीमुळे खोलीतच बसावे लागले, तर हिशेब करून बसावे. २० फूट लांब, १५ फूट रुंद, ११ फूट उंच खोलीत साधारण ९३ घनमीटर हवा असते. एक्झॉस्ट पंख्याच्या वेष्टनावर तो तासाला किती घनमीटर हवा ओढतो ते लिहिलेले असते. समजा १२०० लिहिले आहे. कागदावर ती खोली तासाला तेरा वेळा रिकामी होते. प्रत्यक्षात जाळीवरची धूळ आणि बंद दार यांमुळे अर्धेही मिळत नाही, तेव्हा सहा धरावे. पंख्याच्या समोरच्या भिंतीतली खिडकी उघडी नसेल तर तेवढेही नाही, कारण आत येणारी हवाच नसते आणि पंखा नुसता घरघरतो. कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे लहान यंत्र मिळाले तर उत्तम. बाहेर आकडा ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४००) थोडा वर असतो. खोलीत तो ८०० च्या पुढे गेला की गाणे थांबवून बाहेर पडावे.

नागपूरकरांसाठी कूलरचे वेगळे सांगायला हवे. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे समोरची दारे-खिडक्या उघड्या असतील तर तो बंद खोलीतल्या एसीपेक्षा कितीतरी बरा, कारण एसी तीच हवा फिरवत राहतो. पण कूलर गायकवृंदाच्या पाठीशी असला, तर गाणाऱ्यांच्या तोंडातली हवा तो थेट पुढच्या बाकांवर फेकतो आणि पुढच्या बाकांवर कोण बसते हे सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या उन्हाळ्याआधी कूलर आणि गायकांच्या जागा एकदा नकाशावर काढून पाहाव्यात. आता हिवाळा येतो आहे, आणि डिसेंबरात नागपूरची रात्र १० अंशांपर्यंत उतरली की सगळ्यांत आधी खिडक्या बंद होतात. नाताळच्या रात्रीच्या उपासनेला मंडळीला शाल-स्वेटर घालून यायला आत्तापासून सांगावे आणि खिडक्या उघड्याच ठेवाव्यात.

मास्क लावून गाता येते, पण मास्क बदलावा लागतो. साधा सर्जिकल मास्क श्वास ओढला की ओठांना चिकटतो आणि गायक घाबरून छातीच्या वरच्या भागातून अर्धा श्वास घेतो, मग ओळीच्या शेवटी सूर उतरतो. आकार धरून राहणारा, नाकाशी नीट बसणारा एन-९५ ओठांपासून लांब राहतो. कापडी मास्क अर्ध्या तासात ओला होतो, म्हणून दुसरा जवळ असावा. मास्कमधून स, श, च, त ही व्यंजने बोथट होतात आणि शब्द कळत नाही म्हणून सगळे आवाज चढवतात. नेमके तेच करायचे नाही. व्यंजन कसून उच्चारावे, स्वर तेवढाच ठेवावा.

दुसरी गोष्ट पट्टीची. दीड वर्ष न गायलेल्या गळ्याचे वरचे दोन-तीन सूर आधी जातात. पूर्वी काळी दोनमध्ये म्हणत असलेले गीत पांढरी दोन किंवा काळी एकमध्ये घ्यावे आणि महिन्याभराने चढवावे. कोविड होऊन गेलेल्यांना लांब ओळ एका श्वासात जात नाही. त्यांनी ओढाताण करू नये. शेजारचा जिथे श्वास घेतो त्याच्या दोन शब्द आधी आपण घ्यायचा असे ठरवून टाकावे, म्हणजे ओळ अखंड ऐकू येते आणि कोणालाच दम लागत नाही. चालताना धाप लागत असेल तर आधी डॉक्टर, मग गाणे.

ऑनलाइन सरावाबद्दल थोडक्यात. झूमवर किंवा तत्सम ठिकाणी सगळ्यांनी एकत्र गाणे जमतच नाही आणि यात इंटरनेटवाल्याचा फारसा दोष नसतो. दोन वादकांमध्ये साधारण ०.०३ सेकंदांपर्यंतचा उशीर कान सोसतो. म्हणजे एकमेकांपासून दहा मीटरवर बसून वाजवल्यासारखे. व्हिडिओ कॉलवर हा उशीर ०.१ ते ०.२ सेकंद आणि कधी त्याहून जास्त असतो. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि लय बसकण मारते. म्हणून एकाने पेटी घेऊन गावे, बाकीच्यांनी माइक बंद करून सोबत गावे आणि मग एकेकाने एकट्याने दाखवावे. झूमच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायला विसरू नये. नाहीतर पेटीचा लांब धरलेला सूर म्हणजे पंख्याचा आवाज आहे असे समजून ते ॲप तो गाळून टाकते आणि ऐकणाऱ्याला सूर येतो-जातो असे वाटते. फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटे मिळतात. ती पुरतात, त्याहून जास्त वेळ स्क्रीनसमोर कोणाचा कान शाबूत राहत नाही.

आता रेकॉर्ड कशी करायची ते. पहिली पायरी म्हणजे मार्गदर्शक ट्रॅक: पेटी, तबला आणि एकच खणखणीत गळा. येथे पहिली चूक होते ती मेट्रोनोमची, म्हणजे ठरावीक लयीत ठोका देणाऱ्या यंत्राची. इंग्रजी धाटणीच्या गीताला ठोका चालतो. पण भजनाची लय पहिल्या कडव्यापासून शेवटच्या ध्रुवपदापर्यंत हळूहळू चढते, हा त्याचा स्वभाव आहे. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मशीनच्या ठोक्यावर ताणल्या की भजन शाळेतल्या कवायतीसारखे वाटते. म्हणून आधी तबलजीने गायकाबरोबर बसून, लय नैसर्गिकपणे चढवत, पूर्ण भजन एकदा रेकॉर्ड करावे. तोच ट्रॅक सगळ्यांना पाठवावा. सुरुवातीला पेटीने सा धरावा, चार मात्रा मोजून दाखवाव्यात आणि चौथ्या मात्रेवर एक स्वच्छ टाळी वाजवावी. ही टाळी पुढे फार कामाची आहे.

प्रत्येक गायकाला दोन मोबाइल लागतात. एकावर ट्रॅक ऐकायचा, दुसऱ्यावर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा. इयरफोन तारेचाच हवा. ब्लूटूथच्या इयरफोनमध्ये आवाज साधारण ०.२ सेकंद उशिरा येतो. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.६७ सेकंदांची असते, म्हणजे गायक मात्रेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने मागे राहतो आणि त्याला ते कळतही नाही. इयरफोन एकाच कानात घालावा, दुसरा कान मोकळा ठेवावा. दोन्ही कान झाकले की स्वतःचा सूर ऐकू येत नाही आणि माणूस चढा गातो. ट्रॅकमधली टाळी ऐकू येते त्याच क्षणी आपणही टाळी वाजवायची आणि मग गायचे.

घरातली जागा निवडताना फरशी आणि उघड्या भिंतींची बैठकीची खोली टाळावी. तेथे आवाज घुमतो आणि तो नंतर काढता येत नाही. कपड्यांचे कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गावे. साड्या, चादरी, रजया आवाज शोषून घेतात. फोन तोंडापासून हातभर अंतरावर, हनुवटीच्या थोडा खाली, पुस्तकांच्या चवडीवर ठेवावा. हातात धरू नये, बोटांची खरखर येते. पंखा, कूलर, फ्रिज बंद ठेवावेत. पहाटे पाचनंतर किंवा रात्री दहानंतर घ्यावे, एरवी शेजारच्या कुकरची शिट्टी नेमकी शेवटच्या ओळीत येते. फोन विमान मोडवर टाकावा.

रेकॉर्डिंग पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. माइकचे बटण दाबून पाठवलेला व्हॉइस मेसेज आवाज एवढा दाबतो की त्यातून पुन्हा गळा सापडत नाही. डब्ल्यूएव्ही फाइल एका गळ्याची असेल तर मिनिटाला सव्वापाच एमबी होते, तीन मिनिटांचे भजन सोळा एमबीच्या आसपास. डॉक्युमेंटला त्याहून बऱ्याच मोठ्या फाइलीची मुभा आहे, तेव्हा अडचण नाही. फाइलला नाव द्यावे. ‘रेकॉर्डिंग १७’ नावाच्या अकरा फाइली आल्या की जुळवणाऱ्याचा एक दिवस वाया जातो.

जुळवणीला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आणि साधा संगणक पुरतो. सगळ्या फाइली एकाखाली एक ठेवाव्यात आणि टाळ्यांच्या टोकदार रेघा एका उभ्या ओळीत आणाव्यात. तरीही एखादा गळा शेवटाकडे सरकत गेलेला दिसेल. मग त्या गायकाला कडव्याकडव्याने पुन्हा गायला सांगावे, ओढून-ताणून बसवू नये. प्रत्येक ट्रॅकचा १०० हर्ट्झखालचा भाग काढला की गुणगुण आणि घरघर जाते. सगळ्यांत जास्त त्रास ‘स’चा होतो. ‘ख्रिस्त’ हा शब्द दहा जणांनी दहा वेगवेगळ्या क्षणी म्हटला की स्पीकरमधून फक्त स्स्स ऐकू येते. त्यावर जुना उपाय आहे: दोघांनीच ‘स’ ठणकावून म्हणायचा, बाकीच्यांनी नुसता स्पर्श करून सोडायचा. ओळीच्या शेवटच्या अक्षराचेही तसेच. सहा ते दहा गळे भरपूर झाले. त्याहून जास्त गळे घेतले की भव्यता येत नाही, धूसरपणा येतो. आणि वरून कृत्रिम घुमारा मुळीच घालू नये. आपल्या जुन्या दगडी चर्चमध्ये तो आधीच आहे. घुमाऱ्यावर घुमारा चढला की शब्द कळेनासा होतो. पत्र्याच्या शेडमध्ये तर पावसाळ्यात नुसताच गोंगाट होतो.

उपासनेत ही रेकॉर्ड लावताना स्पीकर गायकवृंद जिथे बसत असे तेथेच ठेवावा, चारही कोपऱ्यांतून वाजवू नये. आवाज इतकाच ठेवावा की मंडळीला मास्कमागे गुणगुणता यावे. पेटी आणि तबला तोंडाने वाजवत नाहीत, तेव्हा ते प्रत्यक्ष वाजायला काय हरकत आहे? आमच्या मते हाच उत्तम मेळ: गळे रेकॉर्डचे आणि वाद्ये समोरची. तबलजीजवळ एक लहान स्पीकर ठेवावा, नाहीतर मोठ्या स्पीकरचा घुमून आलेला आवाज ऐकून तो मागे पडतो. पाळकांनी किंवा एका गायकाने माइकवर ध्रुवपद धरले, पहिल्या बाकापासून दहा-बारा फूट लांब राहून, तर मंडळीला गाणे आपले वाटते. त्याआधी स्थानिक प्रशासनाच्या ताज्या आदेशात गायनाबद्दल काय लिहिले आहे ते मात्र वाचून घ्यावे. आदेश पुन्हा पुन्हा बदलले आहेत.

घरी राहिलेल्या वृद्धांसाठी बहुतेक मंडळ्या यूट्यूबवर उपासना दाखवतात. फोन खांबाला बांधून ठेवला की सगळे विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येते. मिक्सरमधून तार काढून फोनला द्यावी, पण मिक्सरचा आवाज फोनच्या माइकच्या मानाने फार मोठा असतो, तो मधल्या अडॅप्टरने कमी केल्याशिवाय जोडला तर फाटतो. हक्कांचा प्रश्न येथेच येतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्याला सूट आहे, पण यूट्यूबचे यंत्र कायदा वाचत नाही. तयार रेकॉर्ड लावली की ते आवाज ओळखते आणि उपासना मध्येच निःशब्द होते. आपली रेकॉर्ड असली तर तो प्रश्नच उरत नाही. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी रचना सर्वांची होते, म्हणजे त्यांची भजने कोणाचीही परवानगी न घेता गाता येतात. नव्या गीतांच्या कवीला आणि संगीतकाराला मात्र विचारावे. ते बहुधा आपल्यातच असतात आणि आनंदाने होकार देतात.

आता ज्या गोष्टीची आम्हाला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती. आपल्या बहुतेक गीतपुस्तकांत शब्द छापलेले आहेत आणि चालीच्या जागी फार तर एखाद्या ओळीचा उल्लेख आहे. चाल पुस्तकात नाही, ती सत्तरीतल्या माणसांच्या गळ्यात आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. प्रत्येक परंपरेने आपापल्या चाली आणल्या, म्हणून एकच भजन एका मंडळीत केरवा तालात तर दुसऱ्या मंडळीत दादरा तालात ऐकू येते. कोविडच्या या दोन लाटांत किती चाली गेल्या याची मोजदाद होणार नाही. जे आहेत त्यांच्याकडून आत्ताच घ्यायला हव्यात.

हे काम तरुण संघाने दोन-दोघांनी करावे. दोघांचेही लसीचे दोन्ही डोस झालेले असावेत. घराच्या अंगणात किंवा गॅलरीत बसावे. एका बैठकीत तीनच भजने घ्यावीत, चौथ्याला आजोबांचा आवाज बसतो आणि मग चालीतली जागा सपाट होते. पेटी आधी वाजवू नये. पेटीचा सूर ऐकला की वृद्ध गायक तिच्या मागे जातात आणि त्यांची मूळ मींड (एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जाणे) हरवते. आधी नुसत्या गळ्याने ध्रुवपद आणि एक कडवे गाऊ द्यावे, मग टाळी धरून ताल विचारावा, मग पेटीवर पट्टी शोधावी. ‘तुम्ही येथे चुकलात’ असे म्हणू नये. पुस्तकातले शब्द वेगळे असतील तरी त्यांनी म्हटले तसेच ठेवावे. जाणे शक्य नसेल तर फोनवर गाऊन घेऊ नका, फोनच्या कॉलमध्ये सूर अर्धाच येतो. घरातल्या नातवाला रेकॉर्डर लावून घ्यायला सांगावे.

घरी आल्यावर त्याच दिवशी सरगम लिहावी. भातखंडे पद्धत सोपी आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. फाइलच्या नावात गीताचा क्रमांक, पहिली ओळ, पट्टी, ताल, गाणाऱ्याची मंडळी आणि तारीख असावी. एक प्रत पेनड्राइव्हवर चर्चच्या कपाटात, दुसरी ऑनलाइन. फक्त तरुण संघाच्या सचिवाच्या मोबाइलमध्ये ठेवली तर मोबाइल बदलला की गेली.

बंद कपाटातल्या वाद्यांकडेही बघा. पावसाळाभर न वाजलेल्या पेटीत स्प्रिंगला गंज चढतो, पितळी सुरांवर हिरवट थर बसून सूर उतरतो, भात्याचे चामडे उंदीर खातात. ती जोरात भाता मारून सुरू करायची नाही. आधी उघडून ब्रशने धूळ काढावी, प्रत्येक पट्टी हळू दाबून पाहावी आणि अडलेल्या सुराला स्वतः कानस न लावता कारागिराकडे न्यावी. सुस्थितीत असलेली पेटी आठवड्यातून दहा मिनिटे वाजवली तरी ठीक राहते. तबल्याची पुडी पावसाळ्यात सैल पडते, म्हणून गट्टे ठोकून चढवलेली असते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती आपोआप आवळते आणि गट्टे वर घेऊन ढिली केली नाही तर फाटते.

आणि वाजवणाऱ्यांकडे बघा. अनेक पेटीवादक आणि तबलजी लग्नकार्ये व शिकवण्यांवर घर चालवतात. दीड वर्ष दोन्ही बुडाली. उपासना ऑनलाइन झाली म्हणून काही मंडळ्यांनी त्यांचे तुटपुंजे मानधन थांबवले. मार्गदर्शक ट्रॅक करायला त्यांना पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. मंडळीच्या कमिट्यांना आमची विनंती आहे की ते मानधन सुरू करावे आणि थकलेलेही द्यावे.

नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार २८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे हातात सहा आठवडे. आठवड्याला एक गीत धरले तरी सहा होतात, नाताळला तेवढी पुरतात. नवीन काही बसवू नये, येणारीच घ्यावीत. कॅरल पार्टीने यंदा घरात जाऊ नये. फाटकाशी उभे राहून दोन गाणी म्हणावीत, करंजी-केक पुडीत बांधून घ्यावा. ताडपत्री ओढलेल्या टेम्पोत वीस जण दाटीने गात फिरणे हे सरावाच्या खोलीपेक्षाही वाईट. दुचाकीवर दोघे-दोघे जावे.

आपल्या दैनिकाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरात जुनी चाल माहीत असलेले आई-वडील, मावशी, मामा असतील, तर त्यांनी आपल्या मंडळीच्या पाळकांना येत्या रविवारी तेवढे सांगावे. एकाच भजनाच्या दोन चाली निघाल्या तर दोन्ही ठेवाव्यात आणि कोणती कोणाकडून मिळाली ते फाइलवर लिहावे.

आपले,
शहरातील काही मंडळ्यांचे गायक व वादक
नागपूर, १२ ऑक्टोबर २०२१